ओहोटीतला खोळंबा

देवबागला जमीन कमी आणि पाणी जास्त. मालवणहून तारकर्ली मागे टाकून दक्षिणेला निघालं की रस्ता माडांमधून चिंचोळा होत जातो. उजवीकडे अरबी समुद्र आणि डावीकडे कर्लीची खाडी, मध्ये उरते ती घरं, माड, विहिरी आणि सुकत घातलेली जाळी एवढीच पट्टी. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की एका परसात उभं राहून दोन्ही पाण्यांचे आवाज ऐकू येतात. समुद्राच्या बाजूने दगडांचा बंधारा घातलाय, कारण दर पावसाळ्यात लाटा किनाऱ्याचा थोडा थोडा घास घेतात. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. तोच संगम बघायला लोक येतात, बोटीत बसतात आणि तासाभरात चार-पाच 'पॉइंट' उरकून परततात.

या पॉइंटांची यादी प्रत्येक बोटवाल्याच्या फलकावर असते. संगम, त्सुनामी बेट, भोगव्याचा किनारा, पक्षी, आणि समुद्र शांत असेल तर निवतीच्या बाजूला डॉल्फिन. त्सुनामी बेट म्हणजे खाडीच्या मुखापाशी उघडा पडणारा वाळूचा लांबट दांडा. डिसेंबर 2004च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं गावात सांगतात. भरतीला त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो, ओहोटीला तिथे भजी-चहाची टपरी लागते. मला या याद्यांचा कंटाळा आहे. फलकावर जे लिहिलंय तेच दिसलं की माणूस समाधानाने फोटो काढतो, आणि दोन पॉइंटांमधलं पाणी कुणी बघतच नाही.

मी ज्या बोटीत बसले तिचा मालक साठीला आलेला, काटकुळा, कमी बोलणारा. त्याच्याबरोबर त्याचा भाचा होता. तो 'मामा' म्हणायचा, म्हणून आम्ही सगळे मामाच म्हणू लागलो. बोटीत माझ्याखेरीज सांगलीचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि खाडी बघून जरा धास्तावलेल्या आजी. फायबरची होडी, मागे चाळीस अश्वशक्तीचं इंजिन. मार्गशीर्षातली वद्य पंचमी. निघण्यापूर्वी मामांनी कॅलेंडर न बघता सांगितलं होतं की पाणी साडेनऊ-पावणेदहाला अगदी खाली असेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला भरती आणि त्याच्या सहा तास आधी ओहोटी. इकडेतिकडे थोडा फरक पडतो, पण होडी कुठे न्यायची हे ठरवायला तेवढं पुरतं.

भोगव्याच्या बाजूला डोंगराचा पाय थेट पाण्यात उतरतो. तिथल्या कातळावर एक समुद्री गरुड बसला होता. धाकट्या मुलाला तो नीट दिसेना, म्हणून मामांनी होडी जरा किनाऱ्याकडे घेतली. वेग अगदी कमी होता. आणि तेवढ्यात मागून एक आवाज आला. मोठा नव्हे. खर्र, आणि मग टक. इंजिन किंचित उचललं गेलं, परत खाली बसलं आणि पहिल्यासारखंच चालू राहिलं. सांगलीकरांच्या लक्षातही आलं नाही. मामांनी मात्र लगेच गिअर मोकळा केला आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. खडप लागलो."

"वाळू नव्हती?"

"वाळयेचो आवाज येगळो."

भाच्याने रिव्हर्स टाकू का म्हणून विचारलं, तर मामांनी मान हलवली. पुढे जाताना खालून काही लागलं तर इंजिन मागच्या मागे उचललं जातं, तशी सोयच असते. रिव्हर्समध्ये ते अडकवून ठेवलेलं असतं, उचललं जात नाही, आणि दुसरा धक्का सगळाच्या सगळा आतल्या गिअरवर बसतो. शिवाय उथळ पाण्यात रिव्हर्स मारला की ढवळलेली वाळू इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या भोकांतून आत शिरते. हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं नाही. भाच्याला दोन वाक्यांत सुनावलं, ते मी ऐकलं. मग लांब काठी तळाला टेकून होडी खडपापासून, म्हणजे पाण्याखालच्या खडकापासून, बाजूला ढकलली आणि तसंच काठीने ढकलत, थोडं वल्ह्याने, दांड्याच्या आतल्या बाजूला आणली.

सांगलीकर एव्हाना सावध झाले होते. "मामा, चालतंय की इंजिन. डॉल्फिन बघून येऊ, मग बघा काय ते," असं त्यांचं म्हणणं. त्यात काही गैर नव्हतं. लांबून आलेला माणूस वेळेचा हिशोब करतोच.

"बघल्याशिवाय फुडे जावचंय नाय," मामा म्हणाले. "आवाज थांबलो म्हणान काय झाला नाय असा नसता."

आम्ही सगळे वाळूवर उतरलो. मुलं खेकड्यांच्या मागे लागली, आजी सावली शोधू लागल्या, जी तिथे कुठेच नव्हती. होडीचा मागचा भाग घोटाभर पाण्यात राहील अशी ती ओढून घेतली गेली. मामांनी आधी इंजिनाच्या बटणात अडकवलेली लाल दोरीची क्लिप काढून खिशात टाकली. ती नसेल तर इंजिन चालूच होत नाही. पंख्याला हात लावण्यापूर्वी ती खिशात हवी, कुणी चुकून इंजिन चालू करायची दोरी ओढेल किंवा बटण दाबेल याचा नेम नसतो. मग इंजिन पूर्ण वर करून अडकवलं. पाणी निथळलं आणि मी पहिल्यांदा होडीचा तो भाग नीट पाहिला, जो प्रवाशाला कधीच दिसत नाही.

वरचं इंजिन, ज्याला आपण इंजिन म्हणतो, ते एका उभ्या खांबावर बसलेलं असतं. त्या खांबातून एक उभा शाफ्ट खाली येतो. तळाशी गिअरचा बंद डबा. त्यात तिरप्या दातांची चाकं त्या उभ्या फिरण्याला आडवं करतात आणि त्या आडव्या शाफ्टवर पंखा बसतो. वरचं चक्र साधारण दोनदा फिरतं तेव्हा पंखा एकदा. डब्याच्या खाली मासळीच्या परासारखं एक पातळ उभं पातं असतं, पंख्याच्याही खाली जाणारं, म्हणजे काही लागलंच तर आधी त्याला लागावं. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने 1909 साली अमेरिकेत मिलवॉकीला असली इंजिनं विकायला सुरुवात केली, तेव्हापासून ही मांडणी मुळात फारशी बदललेली नाही. नाव सोपी झाली, वेगवान झाली, एकट्यादुकट्याला परवडू लागली. पण त्या बदल्यात सगळ्यात महागडं आणि नाजूक यंत्र नावेच्या सगळ्यात खालच्या टोकाला जाऊन लटकलं.

इथली जुनी लाकडी होडी वाळूवर सरळ ओढून घेत, आजही रापणीच्या होड्या तशाच किनाऱ्याला लागतात. तळ घासला तर फळी घासली. शिवाजी महाराजांनी 1664 साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, त्यात भोवतालच्या बुडत्या खडकांचा मोठा वाटा होता. परक्या जहाजाला ती वाट जोखमीची, माहीतगाराच्या उथळ होडीला रोजची. तेच खडक आता माहीतगारालाही महाग पडू शकतात, कारण त्याच्या होडीखाली पंखा आहे.

मामांनी आधी ते खालचं पातं पाहिलं. टोकाला रंग खरवडून ऍल्युमिनियम चकाकत होतं. बोट फिरवून बघितलं, वाकलेलं नव्हतं, तडा नव्हता. मग त्याच्या वरच्या जोडापाशी, डब्याच्या अंगावर, बारीक रेघ दिसते का ते बघायला ओल्या फडक्याने पुसलं आणि सुकू दिलं. पृष्ठभाग आधी सुकतो, आणि तडा असेल तर त्यातलं पाणी मागे रेघ धरून राहतं. रेघ नव्हती.

पंख्याची तीन पाती. दोन धडधाकट, तिसऱ्याच्या कडेला बोटाच्या पेराएवढा तुकडा गेलेला आणि टोक किंचित मागे दुमडलेलं. "खडपान थोडो खाल्ल्यान," मामा म्हणाले. मी म्हटलं, एवढंसं तर आहे. त्यावर त्यांनी जे करून दाखवलं ते मला फार आवडलं. एक काठी वाळूत अशी रोवली की तिचं टोक पात्याच्या कडेपासून अगदी थोडं दूर राहील. गिअर मोकळा ठेवून पंखा हाताने सावकाश फिरवला. पहिलं पातं काठीजवळून गेलं, दुसरं तितक्याच अंतराने गेलं, तिसरं मात्र वेगळ्या रेषेतून गेलं. म्हणजे पातं वाकलंय, हे नक्की. पण शाफ्ट? त्यासाठी त्यांनी काठी हलवून पंख्याच्या मधल्या नटासमोर आणली आणि पुन्हा फिरवलं. शाफ्ट वाकलेला असता तर त्याचं टोक एका जागी न राहता छोटं वर्तुळ काढत फिरलं असतं. ते काठीच्या टोकासमोर स्थिर राहिलं.

"शाफ्ट बरो आसा," ते म्हणाले. सांगलीकर काकांनी सुस्कारा टाकला. ते आता माझ्याशेजारीच उकिडवे बसले होते. त्यांचं शेतीच्या पंपांचं दुकान होतं, असं तेव्हा कळलं. डॉल्फिन त्यांच्या डोक्यातून कधीच गेले होते.

"ऍल्युमिनियमचा पंखा बरा," ते मला म्हणाले. "स्टीलचा असता तर पातं वाचलं असतं, पण धक्का सगळा गिअरच्या दातांनी खाल्ला असता."

मामांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं.

होडीच्या नाळेत, जाळ्यांखाली, मामा एक जुना पंखा ठेवतात. तो बसवायचं ठरलं. पक्कडीने स्प्लिट पिन सरळ करून काढली, खाचांचा नट सोडला, वायसर काढला. भाचा वायसर वाळूवर ठेवणार तोच मामा ओरडले. वाळूचा एक कण शाफ्टच्या खाचांमध्ये गेला की तो तिथेच दळत बसतो. सगळं सामान त्यांच्या डोक्यावरच्या टोपीत जमा झालं. पंखा ओढून काढला आणि आम्हाला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली पंख्याच्या पोटात. पंख्याची पाती आणि शाफ्ट यांच्यामध्ये रबराचा बुश असतो. जोराचा धक्का बसला तर तो घसरतो, म्हणजे गिअरऐवजी रबर मार खातं. गंमत अशी की घसरलेला बुश हळू चालवताना कधी कधी कळतही नाही. वेग वाढवला की इंजिन बेफाम फिरतं आणि होडी मात्र जागच्या जागी रेंगाळते. म्हणून मामांनी आत-बाहेर दोन्ही भागांवर आडवी जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ आधीपासून ओढून ठेवलेली होती. रेघ अजून सरळच होती. हे पाहून पंपवाले काका इतके खूश झाले की त्यांनी मुलांना हाका मारून बोलावलं.

दुसरी गोष्ट शाफ्टच्या मुळाशी होती. पंख्यामागे, डब्यातून शाफ्ट बाहेर पडतो तिथे, तंगूसाचा गुंडाळा घट्ट बसलेला. गरीवाल्यांनी फेकलेला, तुटलेला, पाण्यात लोंबणारा तंगूस कधीतरी पंख्याने ओढून घेतला असणार. फिरता फिरता तो तापतो, वितळतो आणि कडक होऊन आतल्या सीलमध्ये चरत जातो. मामांनी ब्लेडने तो तुकड्या-तुकड्याने कापून काढला. त्याखाली काळपट ओलावा होता. त्यांनी तो बोटाला लावून चोळला, नाकाशी नेला आणि बोट भाच्यापुढे धरलं.

"ग्रीस?"

भाच्याने वास घेतला. "नाय. गिअरचा ऑइल."

गिअरच्या ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. एकदा घेतला की विसरत नाही, मलाही तो मग दिवसभर येत राहिला. ऑइल बाहेर येतंय याचा अर्थ सील गेलंय. आणि जिथून ऑइल बाहेर येतं तिथूनच खाडीचं खारं पाणी आत जातं. खडपाचा याच्याशी काहीच संबंध नव्हता. हे आठवडे, कदाचित महिने चाललं असेल. रोज सकाळी चालू होणारं, रोज पर्यटक फिरवून आणणारं ते इंजिन आतून हळूहळू पाणी पीत होतं, आणि ते उघडकीला आणलं कुणी, तर एका पक्ष्यापायी लागलेल्या खडपाने.

तोवर पाणी चढू लागलं होतं. ओहोटीच्या तळाशी पाणी काही काळ थबकतं, मग दांड्याच्या कडेने पातळ जिभा आत येऊ लागतात. होडीचा मागचा भाग हलू लागला. "मामानू, पाणी चढता," भाचा म्हणाला. जुना पंखा चढवण्यापूर्वी शाफ्टला ग्रीस, आतला वायसर आधी जागेवर, मग पंखा, बाहेरचा वायसर, नट. स्प्लिट पिन नवी. जुनी सरळ करून परत वापरली तर ती कधी तुटेल सांगता येत नाही, आणि तुटली की नट सुटतो आणि पंखा खाडीच्या तळाशी जातो. पिनांचं पाकीट मामांच्या शर्टाच्या खिशात होतं, विड्यांच्या बंडलाशेजारी.

निवतीला जायचं नाही हे कुणी न सांगता ठरलं. इंजिन खाली घेऊन चालू केल्यावर मामांनी सगळ्यात आधी बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार पाहिली. ती धार म्हणजे आतला रबरी पंप पाणी खेचतोय याची पावती. वाळूने भोकं बुजली असती तर ती बारीक झाली असती किंवा गरम झाली असती. तिच्यात बोट धरलं, ठीक. मग पुढचा गिअर, मोकळा, मागचा, मोकळा. प्रत्येक वेळी कान आत. एक स्वच्छ टक यावा, कुरकुर नको. मग संथ वेगाने थोडं अंतर, मग थोडा वेग वाढवून. त्या वेळी त्यांनी एक हात इंजिनाच्या अंगावर ठेवला होता. एखाद्या ठरावीक वेगाला थरथर उठली आणि पुढे विरली तर काहीतरी वाकलेलं राहिलंय. तशी थरथर आली नाही. आम्ही रमतगमत देवबागला परतलो. मामांनी ठरल्यापेक्षा कमी पैसे घेतले. काकांनी उरलेले त्यांच्या खिशात कोंबायचा प्रयत्न केला आणि बरीच ओढाताण झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्या परसात गेले. आदल्या दिवशीच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "ऑइल सकाळी बघूचा." कारण साधं आहे. चालून आल्यावर ऑइल आणि पाणी घुसळलेलं असतं. रात्रभर इंजिन उभं राहिलं की पाणी जड म्हणून तळाला बसतं. खालचा स्क्रू नुसता सैल केला की पहिले थेंबच खरं सांगतात. त्यांनी खाली पांढरी चिनी मातीची बशी धरली. पहिले थेंब स्वच्छ पाण्याचे होते, मग दुधाळ, करडट ऑइल. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर बारीक काळी पूड होती, पण लोखंडाचे कण किंवा कपरे नव्हते. पूड म्हणजे नेहमीची झीज. कपरे म्हणजे दात तुटले. "वेळेवर गावला," मामा म्हणाले. सापडलं, म्हणजे.

मी त्या दिवशी मालवणला सिंधुदुर्ग बघायला जाणार होते. मामांनी जुनं सील फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं. त्याच्या अंगावर मापं कोरलेली असतात, तीच बघून नवं आणायचं. किल्ल्यावर मी गेले खरी, पण होडीतून जाताना मी तटबंदीकडे कमी आणि होडीवाला कुठल्या खडकाला कसा वळसा घालतोय याकडे जास्त बघत होते. बंदराजवळच्या दुकानात सील काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने ते उलटसुलट केलं.

"एक होया?"

"एकच गेलंय."

"दोन घेवन जावा. आत पाठीक पाठ लावन दोन बसतत. एक नवा घालून एक जुना ठेवल्यात तर परत येशात." वर स्क्रूंखालचे दोन वायसरही त्याने न विचारता पुडीत टाकले. ते दर वेळी नवे घालायचे असतात.

संध्याकाळपर्यंत सील बसलं होतं. भाच्याने सायकलचा पंप आणला. ऑइलच्या भोकाला नळी जोडून आत हवा भरली आणि खालचा डबा पाण्याच्या पिंपात बुडवला. शाफ्टभोवती बुडबुडे येतात का हे बघायला शेजारची दोन पोरंही जमली. भाच्याने शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, तरी बुडबुडा नाही. मग नवं ऑइल, तेही वरून ओतून नव्हे. खालच्या भोकातून चढवत न्यायचं आणि वरच्या भोकातून बाहेर येऊ लागलं की थांबायचं, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही.

त्याच वेळी लॉजवाल्याचा फोन आला. उद्यासाठी कुणी पाहुणे होते.

"उद्या नाय," मामा म्हणाले. "उद्या रिकामी बोट घेवन बघतलंय. परवा सातची दी. अष्टमी आसा, भांगाचा पाणी, चढ-उतार कमी. निवती पण करूया."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "बाय, बिल खंय आसा?"

मी राहू द्या म्हणाले, त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. बिल वाचून त्यांनी सीलचे, वायसरचे आणि माझ्या रिक्षाचे पैसे मोजून दिले. रिक्षाचं भाडं मी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच धरलं, आणि माझ्या रिक्षावाल्याने घेतलं होतं त्याहून वीस रुपये कमी.